तक्त्यात नसलेली ओळ : युरोपातील आरोग्यखर्च गोव्यातून वाचण्यापूर्वी

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली. म्हणजे डोकी मोजली तर ही दोन्ही ठिकाणे जवळपास बरोबरीची. एस्टोनिया १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला, लगेच पुढच्या वर्षी त्याने आरोग्य विम्याची व्यवस्था उभारायला घेतली आणि आज युरोपातील आरोग्यखर्चाचा कोणताही तक्ता उघडला की त्यात एस्टोनियाची स्वतंत्र ओळ असते. सरकारने किती घातले, विमा निधीने किती, लोकांनी खिशातून किती, त्यातले औषधांवर किती गेले आणि इस्पितळांवर किती, हे सगळे वर्षवार. भारताचा राष्ट्रीय आरोग्य लेखा उघडून पाहावा, तर राज्यांचा तक्ता निवडक मोठ्या राज्यांचा. त्यात गोवा नाही. गोव्याच्या आत पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचा हिशेब तर कुठे एका जागी मांडलेला सापडत नाही.

पुढची पाने युरोपातील देशांनी आरोग्यावर कसा, किती आणि कोणत्या काळात खर्च केला याची आहेत. ती पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या वाचकाने का वाचावीत, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. युरोपाने आरोग्यावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा घातला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पैशाची बरोबरी आपल्याला उद्या साधणार नाही. पण तोच हिशेब, त्याच मापाने, दर वर्षी, सर्वांसमोर मांडण्याची त्यांची शिस्त आपण उद्यापासून उचलू शकतो. गोव्यासारख्या छोट्या, सधन आणि सुशिक्षित राज्याला ती अवघड नाही. ती नसल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होते ते राजधानीपासून दूरच्या तालुक्यांचे. हे माझे या विषयावरचे मुख्य म्हणणे आहे आणि पुढचे सारे त्याच्या आधारासाठी आहे.

आधी थोडा इतिहास. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. कामगार आणि मालक दोघांनी निधीत पैसे घालायचे, आजारपणात त्यातून खर्च भागवायचा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग ब्रिटनचा. १९४२ चा बेव्हरिज अहवाल आणि त्यातून ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा. तिथे पैसा करातून येतो आणि उपचाराच्या वेळी रुग्णाला पाकीट काढावे लागत नाही. युरोपातले बहुतेक देश या दोहोंपैकी एका वाटेने किंवा दोहोंच्या मिश्रणाने गेले. आपल्याकडे भोर समितीचा अहवाल आला तो १९४६ मध्ये, ब्रिटनच्या सेवेच्या आधी दोन वर्षे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, ही त्याची पायाभूत भूमिका होती. कल्पनेत आपण मागे नव्हतो. मागे पडलो ते पैसा उभा करण्यात आणि गेलेल्या पैशाचा माग ठेवण्यात.

गोमंतकीय वाचकाला मात्र सर्वांत बोलकी तुलना पोर्तुगालशीच वाटेल. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. बांबोळीच्या आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे गोमेकॉचा, वारसा तिथून येतो. तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक-अंगोलापर्यंत सेवेला गेले. पण खुद्द पोर्तुगालमध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवा नव्हती. इस्पितळांचा मोठा भार ‘मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय संस्थांवर होता. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, १९७६ च्या संविधानात आरोग्याचा हक्क आला आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला तो १९७९ मध्ये. तोवर गोवा मुक्त होऊन अठरा वर्षे झाली होती. म्हणजे पोर्तुगीज आमदानीत आपल्याला जी व्यवस्था मिळाली नाही, ती त्या काळात त्यांच्या स्वतःच्या खेड्यांनाही मिळालेली नव्हती. १९७० मध्ये पोर्तुगालचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत होता. आज तो दहा टक्क्यांच्या आसपास आहे. अर्ध्या शतकात एक गरीब, दूरचा, खेडवळ देश कुठून कुठे आला, हे त्या एका ओळीत वाचता येते. गोव्याची तशी ओळ १९६१ पासून मांडलेली असती, तर मुक्तीनंतरच्या आपल्या प्रवासाबद्दलही आपण इतक्याच खात्रीने बोललो असतो.

युरोपातले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, कारण त्यांनी माप एक केले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००० मध्ये आरोग्य लेख्यांची एक पद्धत घालून दिली. २०११ मध्ये युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यासह ती सुधारली. प्रत्येक रुपयाला, म्हणजे तिथल्या युरोला, तीन प्रश्न विचारायचे : पैसा कोणत्या मार्गाने आला, कोणाकडे गेला आणि कोणत्या सेवेसाठी गेला? भारताचा राष्ट्रीय आरोग्य लेखाही आता याच चौकटीत बसवला जातो. त्यामुळे तुलनेचे दार उघडे आहे. तरी आत शिरताना तीन-चार ठिकाणी पाय घसरतो आणि त्यातली प्रत्येक जागा पेडणे-डिचोलीच्या माणसाला ओळखीची आहे.

पहिली जागा टक्केवारीची. २०२२ मध्ये लक्झेंबर्गचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण साडेपाच टक्के होता आणि रोमानियाचा जेमतेम त्याच्या वर. युरोपीय संघाची सरासरी दहा टक्क्यांच्या पुढे, जर्मनीची साडेबाराच्या आसपास. टक्केवारीवर गेलो तर लक्झेंबर्ग आणि रोमानिया एका बाकावर बसतात. पण माणशी खर्च पाहिला तर लक्झेंबर्गमध्ये सहा हजार युरोंच्या वर आणि रोमानियात नऊशेच्या आत. लक्झेंबर्गचे उत्पन्न फुगलेले आहे, कारण शेजारच्या देशांतून रोज हजारो लोक तिथे कामाला येतात. त्यांच्या कामाचे उत्पन्न तिथे मोजले जाते, पण ती माणसे लोकसंख्येत धरली जात नाहीत. आयर्लंडचे उत्पन्न बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्याने इतके फुगते की तिथल्या सांख्यिकी खात्याने उत्पन्नाचे वेगळे, सुधारित मापच तयार केले.

डिचोलीला हे सांगावे लागत नाही. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात सर्वांत वरच्या राज्यांत मोडते आणि त्यात कित्येक वर्षे खनिजाचा वाटा मोठा होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही काळ चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणी जोरात असताना राज्याचे उत्पन्न वर जाते आणि आरोग्यखर्चाची टक्केवारी आपोआप खाली दिसते. खाणी थांबल्या की उलट. या चढउतारात डिचोलीच्या इस्पितळातली परिचारिका तीच आणि औषधांचा साठाही तोच असू शकतो. शिवाय मये, शिरगाव, मुळगाव या गावांनी खाणींची धूळ सोसली आणि ट्रकही सोसले, ते त्या उत्पन्नात कुठे वजा होत नाही. म्हणून टक्केवारी वाचताना छेद कशाचा आहे हे आधी विचारावे. २०२० मध्ये युरोपभर टक्केवारीने उडी घेतली, तेव्हा महासाथीवरचा खर्च वाढला होता हे खरे, पण त्याच वर्षी उत्पन्नही घटले होते.

दुसरी जागा सीमेची. आंतरराष्ट्रीय पद्धतीत खर्च मोजला जातो तो रहिवाशाच्या नावे. फ्रान्समधला माणूस बेल्जियमच्या इस्पितळात बरा झाला, तर तो खर्च फ्रान्सच्या लेख्यात धरतात. बेल्जियमच्या दृष्टीने ती सेवेची निर्यात. युरोपीय संघाने २००४ मध्ये आरोग्य विमा कार्ड आणले आणि २०११ मध्ये सीमेपलीकडच्या उपचारांविषयी निर्देश काढला, त्यामागे हाच व्यवहार सुरळीत करण्याचा हेतू होता. रुग्ण कुठेही जावो, बिल कोणाकडे जाणार हे आधी ठरलेले असावे.

आता दोडामार्ग पाहा. तालुका महाराष्ट्रातला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातला, पण डिचोलीला खेटून. तिथल्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या ओरोसपेक्षा म्हापसा आणि बांबोळी जवळ. सोयरीक, बाजार, नोकरी, देवाची जत्रा या सगळ्यांना ही सीमा कधी आड आली नाही. पेडणे तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बांबोळीला नेणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. २०१८ च्या सुरुवातीला गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन उभे राहिले. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून हा खर्च भागवावा, असा मार्ग पुढे आला. त्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. गोव्याच्या करदात्याच्या पैशावर शेजारच्या जिल्ह्याचा भार पडत होता आणि त्या जिल्ह्याच्या माणसाला जवळचे दुसरे मोठे इस्पितळ नव्हते. लेखा नीट ठेवलेला असता, तर किती रुग्ण, कोणत्या तालुक्यातून, किती खर्चाचे हे आकडे टेबलावर असते आणि दोन सरकारांना आपापसात हिशेब मिटवता आला असता. तो न मिटल्याची किंमत रुग्णाने मोजली. गोव्याच्या अर्थसंकल्पातला आरोग्यखर्च हा गोमंतकीयांवरचाच खर्च आहे असे धरून चालणारी कोणतीही तुलना म्हणूनच चुकेल.

तिसरी जागा इमारतीची. युरोपीय लेख्यात चालू खर्च आणि भांडवली खर्च वेगवेगळे. देशादेशांची तुलना होते ती चालू खर्चावर : डॉक्टर-परिचारिकांचे पगार, औषधे, तपासण्या, रुग्णवाहिकेचे डिझेल. नवी इमारत वेगळ्या रकान्यात. वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन यांनाही चालू आरोग्यखर्चात जागा नाही. गोव्याचा अर्थसंकल्प हातात घेतला तर ‘२२१०’ या प्रमुख शीर्षाखाली वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचा महसुली खर्च सापडतो. त्यातच शहरी सेवा, ग्रामीण सेवा, वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य अशी पोटशीर्षे येतात. भांडवली खर्च ‘४२१०’ खाली. गोमेकॉसारख्या संस्थेत शिकवणे आणि उपचार एकाच खाटेभोवती चालतात. तेव्हा तिचा किती पैसा शिक्षणात धरायचा आणि किती रुग्णसेवेत, हे काळजीपूर्वक वेगळे काढावे लागते. केंद्राचा पैसा आणखी वेगळ्या वाटेने येतो. धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. ती पेडणे तालुक्यात आहे, पण तिचा पैसा दिल्लीहून येतो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पेडणे तालुक्यातल्या तुयेने दाखवले. तिथे १०० खाटांच्या इस्पितळाची इमारत उभी राहिली, पण ते पूर्ण ताकदीने चालावे म्हणून पेडणेकरांना वर्षानुवर्षे थांबावे लागले, ते गोमेकॉशी जोडावे यासाठी आंदोलने करावी लागली. भिंतींवर खर्च झालेला पैसा अर्थसंकल्पात दिसला आणि भाषणांतही ऐकू आला. माणसांच्या उपचाराचा चालू खर्च मात्र इमारतीसोबत आपोआप येत नाही. युरोपातल्या तक्त्यांनी चालू खर्चाचा रकाना वेगळा ठेवला आहे, तो यासाठीच. इस्पितळ चालते आहे की नुसते उभे आहे, हे त्या रकान्यावरून कळते.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची : खिसा. फ्रान्समध्ये आरोग्यावरच्या शंभर युरोंपैकी कुटुंबाच्या खिशातून थेट जाणारे नऊच्या आसपास आहेत. पोर्तुगालमध्ये, राष्ट्रीय सेवेला चाळीसहून अधिक वर्षे झाल्यावरही, जवळपास तीस. बल्गेरिया आणि ग्रीसमध्ये त्याहून जास्त. म्हणजे सेवेचा कायदा झाला की खिसा वाचतोच असे नाही. दात, चष्मा, बाहेरची औषधे आणि रांग टाळण्यासाठी गाठलेला खासगी दवाखाना यांतून पैसा झिरपत राहतो. भारतात २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय लेखा सांगतो. सुधारणा मोठी आहे. मात्र या दुसऱ्या आकड्याचा पाया असलेली घरोघरची पाहणी २०१७-१८ ची आहे आणि पुढच्या वर्षांचे आकडे त्यावरून अंदाजाने काढलेले आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात अशा पाहणीत मोजकीच घरे येतात. तालुक्याबद्दल तर त्यातून काहीच म्हणता येत नाही.

पेडण्यातल्या केरी गावच्या एखाद्या घरात दाराआडच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते. आत केसपेपर, एक्स-रेचा लखोटा, रक्ततपासणीचे कागद, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड, आधारच्या झेरॉक्स आणि औषधांच्या दुकानाची बिले. बांबोळीला जायचे तर पहाटेची बस धरून म्हापसा, तिथून पणजी, पणजीहून पुढे. पन्नासेक किलोमीटर. गोमेकॉत तपासणी होते, औषधे मिळतात. एखादे औषध नसले तर ते बाहेरून घ्यावे लागते. बरोबर आलेल्या मुलाचा मोरजीच्या हॉटेलातला दिवसाचा रोज बुडतो. दोघांचे जेवण, चहा. परत येताना शेवटची बस चुकली तर टॅक्सी. पिशवीतली बिले खिशाच्या रकान्यात कशीबशी येतील. बुडालेला रोज आणि गेलेला दिवस कोणत्याच रकान्यात येत नाही, युरोपातही नाही. पण तिथे अनेक देशांत दारापासून डॉक्टरपर्यंतचे अंतर व्यवस्थेनेच कमी केले आहे. आपल्याकडे हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी प्रकल्पाने तालुक्यातली केंद्रे गोमेकॉशी जोडली, १०८ ची रुग्णवाहिका २००८ पासून धावते आहे. अंतर कमी करणारा प्रत्येक रुपया घराचे किती रुपये वाचवतो, हे मोजण्यासारखे आहे.

गोव्याने या बाबतीत काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारचा दरडोई आरोग्यखर्च ज्या राज्यांत जास्त, त्यांत गोवा कायम वर असतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ योजनेने तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले, तेही उत्पन्नाची अट न घालता. अट आहे ती पाच वर्षांच्या वास्तव्याची. पेडण्यात मोपा विमानतळ आला, किनाऱ्यावर हॉटेले वाढली, बांधकामावर आणि स्वयंपाकघरात परप्रांतातली माणसे आली. राज्याच्या उत्पन्नात त्यांच्या कामाची भर पडते, पण योजनेच्या कार्डावर त्यांचे नाव नाही. लक्झेंबर्गने सीमेपलीकडून येणाऱ्या कामगाराला आपल्या विम्यात घेतले. आपण या माणसांचे काय करणार, हा प्रश्न पेडण्याला टाळता येणार नाही.

आणखी एक गोष्ट युरोपाच्या तक्त्यांत शोधावी : म्हातारपणाची सेवा. नेदरलँड्समध्ये आणि उत्तरेच्या देशांत आरोग्यखर्चाचा पाव हिश्श्याच्या आसपास भाग दीर्घकालीन शुश्रूषेवर जातो. ग्रीस-बल्गेरियात तो अगदी थोडा. तिथले वृद्ध कमी आजारी पडतात असे नाही. त्यांचे सारे घरची माणसे करतात, बहुतेक वेळा सून किंवा लेक, आणि तिच्या श्रमाचे बिल कोणी फाडत नाही. आपल्या गावांतही हेच आहे आणि मुले आखातात किंवा युरोपात गेलेल्या घरांत तेही उरलेले नाही. खर्च कमी दिसतो म्हणून आनंद मानण्यापूर्वी ते काम कोण करते आहे हे पाहावे.

या सगळ्यातून आकडे वाचण्याची एक सवय लागावी, ही माझी इच्छा आहे. जास्त खर्च म्हणजे जास्त आरोग्य, असा सोपा हिशेब पुढच्या पानांत सापडणार नाही. ग्रीसने २०१० नंतरच्या कर्जसंकटात खर्च वर्षामागून वर्ष कापला आणि विमा गमावलेल्या लोकांचे हाल झाले. त्यांना पुन्हा सेवेत घेणारा कायदा २०१६ मध्ये करावा लागला. ग्रीसने काय गमावले हे जगाला दाखवता आले, कारण संकटाआधीची वर्षेही त्याच मापाने नोंदलेली होती.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्यासाठी २०२५ ची मुदत घातली होती. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर घालायला सांगितले. ही लक्ष्ये राज्याच्या पातळीवर थांबतात. तालुक्याचा माणूस यापुढे जाऊन आपल्या आमदाराकडे पाच साध्या गोष्टी मागू शकतो : तालुक्यात चालू खर्च किती झाला, इमारतींवर किती, बांबोळीला पाठवलेले रुग्ण किती, सीमेपलीकडून आलेले किती आणि घरांच्या खिशातून किती गेले. पहिल्या चारांच्या नोंदी सरकारी कागदपत्रांत विखुरलेल्या आहेत, त्या एकत्र आणायच्या आहेत. पाचवीसाठी दर काही वर्षांनी प्रामाणिक पाहणी हवी. पेडण्यात २०११ मध्ये सुमारे ७६ हजार माणसे होती, डिचोलीत सुमारे ९८ हजार. इतक्या माणसांचा हिशेब ठेवणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले आहे.

पुढची पाने वाचताना प्रत्येक देशाच्या ओळीपाशी क्षणभर थांबून, ही ओळ माझ्या तालुक्याची असती तर तिच्यात काय लिहिलेले असते, असा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा आणि तोच प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनात आपल्या प्रतिनिधीला विचारायला लावावा. पोर्तुगालला, एस्टोनियाला उत्तर द्यावे लागते, कारण तिथले लोक दर वर्षी तक्ता उघडून पाहतात. आपल्याला उत्तर मिळेल ते आपण मागायला लागू तेव्हाच.